नळाचे पाणी आणि त्याला साजेसे मासे

आपल्या निवासी शाळेच्या ग्रंथालयात, दारातून आत येताच उजव्या हाताला, दोन फूट लांबीची एक काचेची पेटी आहे. एका माजी तुकडीने ती मोठ्या प्रेमाने शाळेला भेट दिली. पेटीबरोबर मासेही होते : दोन गोल्डफिश, चार मॉली, सहा निऑन टेट्रा, एक एंजल आणि काच स्वच्छ ठेवील म्हणून एक सकर. विज्ञानाच्या शिक्षकांवर प्रयोगशाळेचा भार असल्याने ग्रंथालयाबरोबर ही पेटीही प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आली. पहिला पावसाळा संपेपर्यंत त्या चौदा जिवांपैकी एंजल आणि सकर एवढेच उरले.

इतिहासाच्या अभ्यासकाला साधने तपासल्याशिवाय निष्कर्ष काढण्याची मुभा नसते. ग्रंथालयाची व्यवस्था पाहणाऱ्या मुलांनी एका वहीत रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या वाचताना ध्यानात आले की मॉली मरण्यापूर्वी कित्येक दिवस जागच्या जागी डुलत होत्या. गोल्डफिशनी झाडे कुरतडून टाकली होती आणि पाणी सतत गढूळ राहत होते. निऑनच्या बाबतीत तर चमत्कारिक गोष्ट होती : ते एकेक करून नाहीसे झाले, पण मेलेला निऑन कोणालाच सापडला नव्हता. ते सर्व एंजलच्या पोटात गेले होते. कोणताही रोग आलेला नव्हता. आपण एकमेकांना न साजणारे आणि आपल्या पाण्याला न साजणारे जीव एका पेटीत कोंडले होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांत वाचून, विचारून आणि चुकून जे समजले ते येथे मांडतो. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आता अशी पेटी आहे, आणि पालक मुलांच्या हट्टाखातर ती आणतात, म्हणून या विषयाला स्मरणिकेत जागा मागण्याचे धाडस केले आहे.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. मुंबईच्या बेटाला स्वतःचे गोडे पाणी पुरेसे कधीच नव्हते. विहिरी आणि लहान तलाव यांवर शहर जगत असे. १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले, १८७९ साली तुळशीचे, १८९२ साली तानसाचे. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर मोडकसागर उभा राहिला, पुढे ऊर्ध्व वैतरणा व भातसा आली आणि २०१४ साली मध्य वैतरणा. आज या सात जलाशयांचे पाणी जलवाहिन्यांतून शहरात येते आणि त्यातील बहुतांश भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून जाते. पाणी कोठून येते आणि कोणाच्या ओंजळीपर्यंत पोहोचते, हा प्रश्न १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर उभ्या राहिलेल्या समाजाला नवा नाही. येथे मात्र त्याच प्रश्नाचे एक वेगळे अंग पाहावयाचे आहे : ते पाणी वाटेत आपल्याबरोबर काय घेऊन येते?

आपल्या जलाशयांचे पाणी म्हणजे मुख्यतः सह्याद्रीच्या उतारावर पडलेला पाऊस. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. चार महिन्यांत ते प्रचंड प्रमाणात कोसळते आणि काळ्या बेसॉल्टवरून वाहत थोड्याच काळात जलाशयात जमा होते. चुनखडीच्या प्रदेशात पाणी जसे कॅल्शियम विरघळवून घेते तशी संधी त्याला येथे मिळत नाही. म्हणून मुंबईच्या नळाचे पाणी मृदू आहे. शालेय पुस्तकांत यालाच सुफेन पाणी म्हणत, कारण त्यात साबणाला फेस चांगला येतो. क्षारयुक्त ते कठीण किंवा दुष्फेन. लिटरमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने ६० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असले तर पाणी मृदू, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत कठीण आणि त्यापुढे अतिकठीण समजतात. मत्स्यपालक हेच अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम. दुकानात मिळणाऱ्या थेंब-चाचणीने ग्रंथालयातील नळाचे पाणी तपासले तेव्हा तीन अंश भरले.

परंतु वरळीत राहणाऱ्याने 'मुंबईचे पाणी मृदू' एवढ्यावर विसंबू नये. नव्या उंच इमारतींत एका नळाला महापालिकेचे पाणी आणि दुसऱ्याला कूपनलिकेचे, अशी सोय अनेक ठिकाणी असते. पाणी कमी पडले की टँकर येतो, आणि टँकरचे पाणी कोणत्या विहिरीतले हे कोणी सांगत नाही. समुद्राच्या इतक्या जवळच्या जमिनीतील पाणी खारट आणि कठीण असण्याचा संभव फार. बाथरूमच्या नळावर पांढरे पापुद्रे धरत असतील आणि साबण अंगावर नुसता चिकटत असेल, तर ते पाणी या लेखातील माशांसाठी नव्हे. दोन बाटल्यांत सारखेच पाणी घेऊन सारखाच साबण खरवडून टाकावा व हलवून पाहावे. शाळेतील मुलांनी हा प्रयोग केला तेव्हा दोन नळांतील फरक कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

मृदू पाण्याने माशाला फरक का पडावा? गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतीच्या पाण्याहून अधिक खारे असते. त्यामुळे कल्ल्यांवाटे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरत राहते आणि क्षार बाहेर पडू पाहतात. मासा पाणी लघवीवाटे टाकून देतो आणि क्षार प्रयत्नपूर्वक धरून ठेवतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील काळ्या पाण्याच्या नद्यांत क्षार जवळजवळ नसतातच. तेथील मासा या काटकसरीत पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला आहे. उलट मॉली ही मेक्सिकोच्या किनाऱ्यालगतच्या कठीण, प्रसंगी मचूळ पाण्यातील. तिला मृदू पाण्यात ठेवणे म्हणजे तिच्या शरीरातील क्षार हळूहळू काढून घेणे. आमच्या वहीतील 'डुलत आहे' या नोंदीचा अर्थ हा होता.

आता आणखी एक स्थानिक सवय. वरळीच्या किनाऱ्यावर मुले शंख-शिंपले वेचतात आणि ते हमखास टाकीत जाऊन पडतात. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो मृदू पाण्यात विरघळत राहतो आणि पाहता पाहता पाणी कठीण होते. संगमरवराचे पांढरे खडेही तेच करतात. शंका असेल त्या दगडावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर तो दगड पेटीबाहेर शोभून दिसतो. आपला साधा काळा दगड मात्र निर्धास्तपणे वापरावा.

झाडे लावलेल्या पेटीला मृदू पाणी मानवते. जावा फर्न, अनुबियास आणि जावा मॉस यांना माती लागत नाही, दगडाला किंवा लाकडाला बांधून ठेवले तरी ती वाढतात, म्हणून शाळेसारख्या ठिकाणी तीच बरी. क्रिप्टोकोरीन कुळातील काही जाती तर आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतच उगवतात. या झाडाला जागा बदललेली आवडत नाही. नव्या पाण्यात ते सगळी पाने गाळून टाकते आणि लोक ते मेले समजून फेकून देतात. मूळ तसेच राहू द्यावे, महिन्याभरात पालवी येते.

मृदू पाण्याचा एक धोकाही सांगितला पाहिजे. पाण्यातील कार्बोनेट क्षार सामू स्थिर ठेवण्याचे काम करतात. ते फारच कमी असले की माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या पानांतून तयार होणारी आम्ले सामू एकाएकी खाली ओढतात. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या हौशी मंडळींनी तर हे विशेष सांभाळावे. कार्बोनेटचा अंश दोनच्या खाली जाऊ लागला तर शिंपल्यांचा चमचाभर चुरा कापडाच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरमध्ये ठेवावा. मूठभर शिंपले अपाय करतात आणि चमचाभर औषध ठरतात, हे येथे विसंगत वाटले तरी खरे आहे.

पाण्याचा विचार झाला की हवेचा. मासे निवडण्याविषयीची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत. त्यांत पाणी तापवण्याचे उपाय असतात. मे महिन्यात वरळीतील बंद खोलीत पाणी तीस अंश सेल्सिअसवर जाते, त्याचे उत्तर त्यांत सहसा मिळत नाही. निऑन टेट्रा हा मृदू पाण्याचा मासा म्हणून सर्वत्र सांगितला जातो आणि ते खरेच आहे, पण त्याला बावीस ते पंचवीस अंशांचे पाणी मानवते. मुंबईच्या उन्हाळ्यात तो कसाबसा तग धरतो. त्याचाच भाऊ शोभावा असा कार्डिनल टेट्रा रिओ निग्रोच्या उष्ण पाण्यातील. पोटाखालची लाल पट्टी नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण असते ती कार्डिनलची. निऑनची अर्ध्यातून सुरू होते. दुकानात दोन्ही शेजारी असतील तर थोडे अधिक पैसे देऊन कार्डिनल घ्यावा. उन्हाळ्यात झाकण काढून जाळी लावावी आणि पाण्यावर लहान पंखा सोडावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. मात्र वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात, म्हणून केवळ भर घालत न राहता आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणे सोडू नये.

आता प्रत्यक्ष निवड. कोणते मासे एकत्र राहतील हे ठरवताना दुकानदार रंगावर बोट ठेवतो. आपण चार गोष्टी विचाराव्यात : त्याचे मूळ पाणी कोणते, पूर्ण वाढ किती, तो थव्याने राहतो की एकटा, आणि पाण्याच्या कोणत्या थरात वावरतो. तोंडात मावेल ते अन्न, हा माशांचा साधा नियम आहे. एंजल लहानपणी निऑनएवढाच दिसतो म्हणून दोघे एकाच पिशवीत घरी येतात. टायगर बार्ब देखणा खरा, पण गोरामीसारख्या संथ माशाचे लांब पर कुरतडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. केरळचा चिमुकला पी पफर तर इंचभराचा असूनही शेजाऱ्यांचे पर तोडतो. आफ्रिकेतील मलावी व टांगानिका सरोवरांतील सिक्लिड मासे कठीण पाण्याचे आणि भांडकुदळ, त्यांचा आपल्या नळाशी संबंध नाही. गप्पी महापालिका विहिरींत आणि टाक्यांत डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडते. ती कोठेही जगते असा त्यामुळे समज झाला आहे. जगते हे खरे, परंतु तिलाही क्षार असलेले पाणीच अधिक मानवते.

फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना यांचा उल्लेख वेगळा करतो. हे मासे घरात भाग्य आणतात, फ्लॉवरहॉर्नच्या कपाळावरील गाठ जितकी मोठी तितकी भरभराट अधिक, असे सांगून ते विकले जातात. १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या घरांतही हा व्यवहार शिरलेला पाहून वाईट वाटते. माशाच्या कपाळावर आपले भविष्य शोधणारा माणूस त्या माशाला आयुष्यभर एका अपुऱ्या पेटीत एकटा ठेवतो, कारण तो मासा दुसऱ्या कोणालाही सहन करीत नाही.

आमच्या पेटीची मापे २४ बाय १२ बाय १५ इंच. हिशेबाने सत्तर लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी पंचावन्न लिटरच. एवढ्या जागेत कोणतीही एक जात जोडीने किंवा थव्याने, आणि तीन थरांत मिळून तीनच जाती, असा निर्णय घेतला. मधल्या थरात दहा कार्डिनल टेट्रा. थव्याचा मासा सहांपेक्षा कमी ठेवला तर तो भेदरलेला राहतो, रंग उतरतो आणि कोपऱ्यात दडतो. वरच्या थरात हनी गोरामीची एक जोडी. हा मासा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील आपलाच, मधाच्या रंगाचा आणि स्वभावाने गरीब. तळाशी सहा कूली लोच, आग्नेय आशियातील, बारीक सापासारखे, दिवसा वाळूत किंवा मुळांत दडून संध्याकाळी बाहेर पडणारे. त्यांच्यासाठी टोकदार खडे न घालता बारीक वाळूच घातली. कार्डिनलऐवजी हार्लेक्विन रासबोराही चालला असता. तो अधिक काटक आहे आणि प्रथमच पेटी लावणाऱ्यास मी तोच सुचवीन. कोरीडोरस अनेकांना आवडतो, पण त्याच्या बहुतेक जाती थंड पाण्याच्या असल्याने आम्ही तो टाळला.

सह्याद्रीचे पाणी असताना सह्याद्रीचे मासे का ठेवू नयेत, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला. प्रश्न चांगला होता. आपल्या कृष्णेच्या खोऱ्यात बोटिया स्ट्रायाटा नावाचा पट्टेदार लोच आढळतो. केरळच्या ओढ्यांत डेनिसन बार्ब आहे, अंगावर लाल-काळी रेघ असलेला, जगभरच्या हौशी लोकांचा लाडका. दोन्ही जाती आज संकटग्रस्त गणल्या जातात, आणि डेनिसन बार्बच्या बाबतीत शोभेच्या बाजारासाठी झालेली बेसुमार पकड हे त्याचे एक मोठे कारण आहे. शिवाय हा मासा वाहत्या पाण्याचा, चार फुटांखालच्या पेटीत त्याला ठेवणे अन्यायाचे. पैदास केंद्रातील आहे अशी खात्री नसेल तर आपल्याच डोंगरातील मासा आपण विकत घेऊ नये, असे माझे मत आहे. झेब्रा डॅनिओची गोष्ट वेगळी. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो. तो स्वस्त आहे, काटक आहे. मात्र त्याची धावपळ गोरामीला सोसत नाही.

मासे आणण्यापूर्वीचे सहा आठवडे सर्वांत कठीण असतात, कारण त्या काळात पाहण्यासारखे काहीच नसते. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसरे जिवाणू त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात, जे झाडे खातात. हे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर झाडे लावून फिल्टर चालू ठेवावा आणि चिमूटभर खाद्य टाकत राहावे. दोन्ही विषे शून्यावर आल्याचे चाचणीत दिसले की आधी लोच आणावेत, पंधरा दिवसांनी बाकीचे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन या जिवाणूंनाही मारते, माशांनाही. ज्या घरांत पहाटे पाणी येते आणि पिंप भरून ठेवण्याची रीत आहे, त्या घरांत दिवसभर उघडे राहिलेले पिंपातले पाणी आपोआप उपयोगी पडते. बी.डी.डी. चाळींतील आमच्या माजी विद्यार्थ्यांना हे औषध विकत घेण्याची गरज नाही. पावसाळ्यात क्लोरीनचा वास तीव्र येतो तेव्हा मात्र क्लोरीननाशकाचे थेंब टाकावेत.

पालकसभेत एका मातेने विचारले होते की पंचशीलातील पहिले शील रोज उच्चारणाऱ्या शाळेने जीव काचेत कोंडून का ठेवावेत. तो प्रश्न मी अद्याप टाळू शकलेलो नाही. अंगुत्तर निकायात उपासकाने न करण्याचे जे पाच व्यापार सांगितले आहेत त्यांत सत्त्वांचा, म्हणजे सजीवांचा, व्यापार आहे. अट्ठकथाकारांनी त्याचा अर्थ माणसांची विक्री असा केला, आणि दासप्रथेचा इतिहास पाहता ते योग्यच होते. पण मूळ शब्द अधिक व्यापक आहे. आम्ही एवढेच ठरवले : अंगात सुई टोचून रंग भरलेले मासे घ्यावयाचे नाहीत, कुर्ल्याच्या बाजारात किंवा महात्मा जोतिबा फुले मंडईत गेल्यास मासा पैदास केलेला की पकडून आणलेला हे विचारायचे, आणि पेटीतील जागा रिकामी दिसते म्हणून नवा मासा आणायचा नाही. त्या माता समाधानी झाल्या असे म्हणवत नाही.

एंजल एका माजी विद्यार्थ्याच्या मोठ्या पेटीत गेला. सकरचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तो आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता फूटभर लांब आहे आणि आणखी वाढेल. कोणाला तो नको आहे. 'तलावात सोडून द्या, जीवदान होईल,' असे अनेकांनी सुचवले. दक्षिण अमेरिकेतील हा मासा भारतातील कित्येक तलावांत अशाच जीवदानातून शिरला आहे आणि तेथील मूळच्या माशांचे अन्न व जागा बळकावतो आहे. म्हणून तो वसतिगृहामागच्या पाचशे लिटरच्या टाकीत राहतो. रविवारी स्वयंपाकघरातून उरलेल्या काकडीच्या चकत्या घेऊन पाचवीची मुले त्याच्याकडे जातात. सुट्टीत ते काम कोणी करायचे याची यादी ग्रंथालयाच्या दारावर लावलेली असते.